प्रीती, सत्य आणि मंडळीचा कारभार

मंडळीच्या पंचसभेत एखादी अडचणीची बाब निघाली की सभासदांचे हळूहळू दोन पक्ष पडतात, आणि नवल असे की दोन्ही पक्ष पवित्र शास्त्राचाच आधार घेऊन बोलत असतात. एक म्हणतो, आपण प्रीतीने वागावे, झाले गेले विसरावे, घरातले भांडण वेशीवर टांगू नये. दुसरा म्हणतो, सत्य ते सत्य, त्यात भीडमुर्वत कसली. मग कोणी वडीलधारे गृहस्थ दोहोंचा समतोल राखला पाहिजे असे सांगून सर्वांचे समाधान करतात, पाळकसाहेब समारोपाची प्रार्थना करतात, चहा येतो, आणि ती बाब पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर जशीच्या तशी चढते. समतोलाचा हा तोडगा मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. प्रीती आणि सत्य ही जणू तराजूच्या दोन पारड्यांतील वजने असून एकीकडचे थोडे काढले म्हणजे दुसरीकडे तेवढी सोय होते, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः निम्मे सत्य सांगितल्याने कोणाची प्रीती दुप्पट झाल्याचे पाहण्यात नाही, आणि प्रीती आखडती घेतल्याने कोणाचे सत्य अधिक खरे ठरल्याचेही ऐकिवात नाही.

यास्तव ज्यांच्यावर मंडळीतील शिक्षणाची, शिस्तीची किंवा हिशेबाची जबाबदारी आहे, त्या पाळकांना, पंचांना, शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि महिलामंडळाच्या चालकांना मी दुसरी एक कसोटी सुचवू इच्छितो. जे बोलले जाणार आहे, अथवा जे न बोलता सोडून दिले जाणार आहे, त्याची किंमत कोणाच्या पदरून जाणार, एवढेच पहावे. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पदराला खार लागत असेल, म्हणजे त्याचा वेळ, त्याची लोकप्रियता, प्रसंगी एखादा जुना स्नेह पणाला लागत असेल, आणि तरीही तो सांगत असेल, तर त्या सत्यात प्रीतीचा अंश बहुधा असतोच. उलटपक्षी, सांगणाऱ्याला सांगण्यात निव्वळ नफाच असेल, चार लोकांत त्याचा करारीपणा मिरवत असेल आणि सगळा तोटा ऐकणाऱ्याच्या माथी बसत असेल, तर मजकूर कितीही बिनचूक असला तरी त्याने थोडे थांबावे हे बरे. मौनालाही हीच कसोटी लावावी. आपण गप्प बसल्याचा खर्च सभेत हजरच नसलेल्या कोणा तिसऱ्याला, एखाद्या विधवेला, वसतिगृहातील मुलाला, नव्याने विश्वासात आलेल्या एखाद्या गरीब कुटुंबाला सोसावा लागत असेल, तर त्या मौनाला प्रीतीचे नाव देणे ही शुद्ध धूळफेक होय.

नव्या करारात या व्यवहाराचा सर्वांत सुबक नमुना कोठे असेल तर तो फिलेमोनास लिहिलेल्या एका लहानशा पत्रात आहे, आणि आपल्या व्यासपीठांवरून त्याच्यावर फारसे बोलले जात नाही याचे मला वाईट वाटते. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो धन्यापासून दुरावला, बंदिवासात असलेल्या पौलाच्या सहवासात आला आणि विश्वासी झाला. पौल त्याला परत पाठवितो आणि हाती पत्र देतो. त्या पत्रात सत्याला तसूभरही मुरड घातलेली नाही. परत येणारा हा मनुष्य आता केवळ दास राहिलेला नसून प्रिय बंधू झाला आहे, ही गोष्ट त्या काळच्या एका घरधन्याला पचावयास किती जड गेली असेल याची कल्पनाच करावी. पत्र फिलेमोनाबरोबरच त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे, म्हणजे बाब दडवून ठेवण्याचाही विचार नाही. परंतु आज्ञा करण्याचा अधिकार असताना पौल विनंती करतो, फिलेमोनाच्या चांगुलपणाचा उल्लेख आधी करतो, आणि अनेसिमाने काही नुकसान केले असल्यास किंवा त्याच्याकडे काही देणे निघत असल्यास ते आपल्या खाती मांडावे, आपण ते फेडू, असे स्वहस्ते लिहून देतो. शिष्टाई करणाराने स्वतःच्या नावे कर्ज मांडून घ्यावे, हा प्रकार आपल्या पंचसभांतून कितीदा पाहावयास मिळतो? रदबदली करणारे पुष्कळ. जामीन राहणारे विरळा.

तोच पौल अंत्युखियास पेत्राशी चारचौघांत तोंडावर भांडला, हेही विसरून चालणार नाही. ज्यांना कडक बोलण्याची हौस असते त्यांचा हा लाडका दाखला. म्हणून त्या प्रसंगाची बारकाईने शहानिशा केली पाहिजे. पेत्र परराष्ट्रीय विश्वासी लोकांच्या पंक्तीला बसून जेवत होता. याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो त्या पंक्तीतून उठू लागला, आणि त्याचे पाहून बर्णबासारखा मायाळू मनुष्यही मागे सरला. पेत्राचे हे वर्तन सौजन्याचे होते, आलेल्या पाहुण्यांची मने न दुखविण्याचे होते, असे कोणी म्हणू शकेल. मात्र त्या सौजन्याचा खर्च पंक्तीत मागे राहिलेल्या, बाटगे समजल्या गेलेल्या माणसांनी सोसला. अपमान सर्वांसमक्ष झाला, म्हणून दुरुस्तीही सर्वांसमक्ष होणे प्राप्त होते. ज्या समाजाने पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगण्यास भाष्यकाराची गरज नसावी. येथून एक व्यावहारिक नियम निघतो: दोष जितक्या लोकांत घडला आणि जितक्या लोकांना बाधला, तितक्याच वर्तुळात त्याची वाच्यता व्हावी. घरात घडलेला दोष उपासनेच्या सूचनांत वाचून दाखवू नये, आणि भर मंडळीत केलेला अन्याय एकांतातल्या क्षमायाचनेवर मिटवू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात याचा क्रमच घालून दिलेला आहे. आधी दोघांनी एकांतात भेटावे, मग एकदोघा साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. हा क्रम आपल्याकडे तोंडपाठ असतो. तथापि प्रत्यक्षात त्याची सुरुवात बहुधा तिसऱ्या पायरीपासून होते, आणि हल्ली तर मंडळीच्या मोबाइलवरील गटात रात्री दहानंतर टाकलेल्या, नाव नसलेल्या पण सर्वांना बरोबर समजणाऱ्या मजकुरापासून होते. पहिली पायरी सर्वांत अवघड, कारण तिच्यावर प्रेक्षक नसतात.

एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही एका मंडळीचे नाही, पण बहुतेक मंडळ्यांना ओळखीचे वाटेल. कापणीच्या सणाला उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. भोपळा, नारळाची पेंड, ज्वारीची कणसे, कोणाच्या घरचा कोंबडा, एखादा केक असे जिन्नस मांडलेले असतात, आणि जो नारळ बाजारात थोडक्या रुपयांस मिळतो त्यावर हौसेने हजाराची बोली चढते. टाळ्या पडतात. चिटणीस वहीत नाव आणि रक्कम टिपून घेतो. पुढे नाताळ येतो, जातो, आणि वहीत तीनचार बोल्या तशाच थकलेल्या राहतात. त्यांतली एक मोठी बोली पंचांपैकीच एका ज्येष्ठ गृहस्थाची असते. खजिनदार तरुण आहे. वार्षिक सभेत हिशेब वाचावयाचा आहे. त्याने काय करावे?

बोली सोडून देऊन रक्कम आटोपती घ्यावी असा सल्ला त्याला प्रीतीच्या नावाने मिळेल, आणि सभेत नाव घेऊन विचारावे असा सल्ला सत्याच्या नावाने मिळेल. दोन्ही सल्लागार त्याच्याबरोबर त्या गृहस्थाच्या घरी येण्यास मात्र तयार नसतील. त्याने प्रथम वही आणि पावतीपुस्तक समोरासमोर ठेवून रुजवात घ्यावी, कारण पैसे आलेले असून पावती फाडावयाची राहिली असल्याचे प्रकार होतात, आणि चुकीच्या आरोपाइतका दुसऱ्या कशानेही खजिनदाराचा शब्द हलका होत नाही. मग एकट्याने त्यांच्या घरी जावे. रविवारी उपासनेनंतर फाटकाशी गाठू नये, तेथे माणसे ऐकत असतात. पाणी घ्यावे, चहा घ्यावा, घरातल्यांची विचारपूस करावी, पण विषय निघेपर्यंत तासभर घालवू नये, कारण लांबण लावल्याने ऐकणाऱ्याचा जीव अधिकच टांगणीला लागतो. ‘काका, सणाच्या लिलावातली आपली बोली वहीत थकलेली दिसते आहे, माझ्याकडून नोंद राहिली का ते पाहावयास आलो,’ इतके साधे वाक्य पुरे. पुढे काका काय सांगतील ते ऐकावे. कदाचित मुलाची नोकरी गेली असेल आणि ते सांगण्याचा संकोच वाटत असेल. मग मुदत द्यावी, हप्ते ठरवावे, किंवा बोली रद्द करावयाची असल्यास पंचांच्या ठरावाने उघडपणे रद्द करावी. कदाचित ते उखडतील आणि कालच्या पोराने आपल्याला हिशेब विचारावा काय असे म्हणतील. मग एका वडीलधाऱ्या पंचाला घेऊन पुन्हा जावे. मात्र वार्षिक सभेत त्या रकमेची नोंद ‘येणे बाकी’ या सदरात यावी, आणि ती गाळून ताळेबंद जुळवू नये, हे त्यांना तेथेच नम्रपणे सांगून ठेवावे. त्या निधीतून पाळकांचा पगार आणि गरीब विद्यार्थ्यांची फी जात असते. म्हणजे काकांना दिलेल्या सवलतीचा बोजा ज्याच्यावर पडतो त्याला त्या चहाचे आमंत्रण नसते.

हिशेबाच्या बाबतीत सत्य निदान वहीत सापडते. शिकवणुकीच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक होते, आणि तेथे पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराइतका बोधप्रद दाखला मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मला दुसरा ठाऊक नाही. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वॉन्टेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे उतरल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेरल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून आजीबाई म्हणत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या राहिल्या, तेथे डोरोथिया बील या मुख्याध्यापिका होत्या. पंचविशीतली, पुराणे आणि व्याकरण मुखोद्गत असलेली ही विधवा बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न विचारीतच राहिली: त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, पंथाचे मतांगीकार, बिशपांचा अधिकार. आजीबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाई मांसाहार करीत नसत, अंडे घातलेले पदार्थही टाळीत. त्यात जातीचा अभिमान उरला आहे असे आजीबाईंना वाटले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या लोकांची संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले, तेही त्यांना खुपले. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांची नापसंती मध्ये आली, आणि रमाबाईंनी स्पष्ट कळविले की आपण विश्वास स्वीकारला आहे, सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केलेली नाही.

या तिघींत प्रीती कोणाची कमी होती असे म्हणवत नाही. जेरल्डिनबाईंनी रमाबाईंची आणि मनोरमेची केलेली सेवा मोठी होती, आणि ज्या सिद्धांतांसाठी त्या झगडत होत्या ते ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्याचे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांच्या हातून एक गफलत झाली, आणि ती आजही चांगल्या चांगल्या पाळकांच्या हातून होते. त्रैक्याचा सिद्धांत आणि अंडे घातलेला गोड पदार्थ या दोन्ही बाबी त्यांनी आज्ञापालनाच्या एकाच सदरात घातल्या. ज्यावर विश्वासाची इमारत उभी आहे ते, आणि जे केवळ आपल्या मुलखाचे वळण आहे ते, या दोहोंसाठी सारख्याच आग्रहाने बोलणारा शिक्षक पहिल्याचे वजन घालवून बसतो. शिष्याला वाटू लागते की गुरूला सत्याची चाड नसून आपल्या शिरस्त्याची आहे. बीलबाईंची रीत निराळी होती. त्यांनी रमाबाईंना एक जिज्ञासू विदुषी म्हणून वागविले, शंकेला बंडखोरीचे नाव दिले नाही, आणि स्वतःचे मत न लपविता वाद चालू ठेविला. मतभेद त्यांनाही होता, पण शंका विचारल्याची शिक्षा रमाबाईंना भोगावी लागू नये इतके भान त्यांच्या वागण्यात दिसते.

पुढे रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तेव्हा त्यांनी मोकळेपणाने म्हटले की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त त्यानंतर सापडला. या क्रमात आजीबाईंच्या ताकिदीचा वाटा किती आणि बीलबाईंच्या धीराचा किती, हे ठरविण्याच्या भरीस मी पडत नाही. परंतु एक गोष्ट जेरल्डिनबाईंच्या बाजूने निःसंकोच सांगितली पाहिजे. तो सारा पत्रव्यवहार, ज्यात रमाबाई त्यांना जागोजाग निरुत्तर करतात तोसुद्धा, त्यांनीच जमवून, जुळवून ठेविला. म्हणूनच १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला तो प्रसिद्ध करता आला. आपल्याविरुद्ध जाणारा कागद जपून ठेवणे हे प्रीतीचे आणि सत्याचे दोन्हींचे काम आहे. ज्या चिटणिसांना सभेचे इतिवृत्त लिहावयाचे असते त्यांनी हा धडा अवश्य घ्यावा: ज्याच्याविरुद्ध ठराव झाला त्याची कैफियत त्याच्याच शब्दांत दप्तरी राहू द्यावी, ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढ्यावर तिची बोळवण करू नये.

व्यासपीठाविषयी थोडे. संदेशातून नाव न घेता टोमणा मारण्याची जी रीत काही ठिकाणी रुजली आहे तिच्यात सत्यही नाही आणि प्रीतीही नाही, कारण ज्याला लागतो त्याला उत्तर देता येत नाही आणि ज्यांना लागत नाही ते शेजाऱ्याकडे पाहून घेतात. एखाद्या आठवड्यात एखाद्या कुटुंबाशी खटका उडाला असेल तर पाळकाने त्या रविवारी त्या विषयाला शिवूच नये. शास्त्रपाठाच्या नेमात तोच उतारा आला असेल तर शनिवारी त्यांना जाऊन भेटावे आणि तसे सांगावे. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे सर्व ठीक चालले होते. मग ते बोलू लागले. त्यांचे एकेक वाक्य सुटे काढून पाहिले तर धर्मपर ग्रंथात शोभेल असे आहे. परंतु सर्वसामान्य सिद्धांत त्यांनी शहानिशा न करता समोरच्या दुःखी माणसावर आदळला, आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या मनुष्याला तुझ्या विश्वासात उणीव असेल असे सांगणारे प्रार्थनावीर अजूनही घरोघर येतात. पंचांनी त्यांना दारातच नम्रपणे थांबवावे.

आणि जेथे खरोखर बोलावयास हवे तेथे व्यासपीठ मुके होते, ही तक्रारही नोंदवून ठेवतो. सिनेमा, पोशाख, केसांची ठेवण यांवर आमच्याकडे अस्खलित वक्तृत्व चालते. पण लग्नाच्या बोलणीत ‘आपल्यातलेच स्थळ’ असे म्हणून पूर्वाश्रमीची जात चोरपावलांनी आत येते, ख्रिस्तजन्माच्या उत्सवात एकत्र नाचणारी कुटुंबे सोयरिकीच्या वेळी एकमेकांचे गाव आणि आडनाव तपासतात, यावर संदेश ऐकल्याचे किती जणांना आठवते? हे सत्य सांगणाऱ्या पाळकाला किंमत द्यावी लागते, वर्गणीत ती दिसतेही, आणि म्हणूनच ते सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. सांगताना त्याने आपल्या घरातील लग्ने कशी ठरली तेथून सुरुवात करावी.

तरुणांच्या शंकांबाबत रमाबाईंचा दाखला वर आलाच आहे. फक्त एवढे जोडतो की शब्बाथशाळेत एखाद्या मुलीने उत्पत्तीच्या पुस्तकाविषयी किंवा नरकाविषयी अवघड प्रश्न विचारला आणि शिक्षकाला उत्तर ठाऊक नसले, तर पुढच्या रविवारी सांगतो असे म्हणावे आणि खरोखरच सांगावे. अपुल्लोस मोठा वक्ता होता, पण त्याचे ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबले होते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात उभे राहून खोडून काढले नाही, आपल्याकडे नेले आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्या घरी जेवण काय होते हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही, पण होते असे मानण्यास हरकत नसावी.

आता एक बाब अशी की तिच्यात प्रीती आणि सत्य यांच्या मसलतीला जागाच नाही. वसतिगृहात, शब्बाथशाळेत, शिबिरात किंवा कोणाच्या घरी एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर बैठक बोलावून दोन्ही बाजू ऐकण्याचा, प्रार्थनेने प्रकरण मिटविण्याचा किंवा दोषी व्यक्तीची दुसऱ्या गावी बदली करण्याचा अधिकार पंचांना नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वत्र पोक्सो म्हणतात, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविणाऱ्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मंडळीचे नाव खराब होईल हा आक्षेप येथे हटकून निघतो. या प्रकरणात मौनाचा सर्व खर्च एका मुलाच्या किंवा मुलीच्या आयुष्यातून वसूल केला जातो, आणि तो खर्च मंडळीने पुढे कधीही परत केल्याचे उदाहरण नाही. क्षमा, पश्चात्ताप, समेट हे सर्व शब्द पोलीस ठाण्यात माहिती दिल्यानंतर काढावेत, आणि तेही बालकाच्या वतीने कोणी उच्चारू नयेत.

शिस्तीचा विषय निघाला आहे तर तिच्या शेवटाविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या मंडळ्या शिस्त लावण्यास जितक्या कचरतात त्याहून अधिक ती संपविण्यास विसरतात. एखाद्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले जाते, ठरावाचा कागद दप्तरात पडतो, पाळकाची बदली होते, नव्या पाळकाला त्या मनुष्याविषयी ‘जरा भानगड आहे’ एवढेच कळते, आणि तो गृहस्थ वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसून मेजाकडे न जाता घरी जातो. करिंथच्या मंडळीला पौलाने कडक शिस्त लावण्यास सांगितले आणि दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या एकाविषयी, आता पुरे, त्याला क्षमा करून धीर द्यावा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, अशा अर्थाचेही लिहिले. पण आमच्या दप्तरात बहुधा पहिलेच पत्र सापडते. यास्तव शिस्तीचा ठराव करतानाच त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: मुदत किती, या मुदतीत त्याला नियमाने भेटावयास कोण जाणार, आणि मुदतीअखेर फेरविचार कोणत्या सभेत होणार. भेटीस जाणारे नाव मिळत नसेल तर ठराव करूच नये. ज्याला शिक्षा देण्यास दहा हात वर होतात आणि ज्याच्या घरी जाण्यास एक पाऊलही उठत नाही, त्याच्यावर मंडळीचा काही हक्क उरत नाही. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला खोटे प्रेषित पारखल्याबद्दल शाबासकी आहे, पण तिने पहिली प्रीती सोडल्याचा ठपकाही आहे, आणि थुवतीराच्या मंडळीला प्रीतीबद्दल शाबासकी असून चुकीच्या शिकवणीला दिलेल्या मोकळिकीचा ठपका आहे. दोघींपैकी एकीलाही दुसरीकडे बोट दाखविण्याची सोय ठेवलेली नाही.

इतके करूनही माणसे रागावून जातील. काही शेजारच्या मंडळीत जातील, आणि तेथून सभासदत्वाचा दाखला मागणारे पत्र येईल. हा दाखला लिहिताना दोन मोह होतात: एक, पीडा टळली म्हणून उत्तम शिफारस लिहून देण्याचा, दुसरा, मनातली सारी मळमळ त्या एका कागदावर ओकण्याचा. दाखल्यात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह यांच्या तारखा आणि सभासदत्वाचा काळ लिहावा. शिस्तीचा ठराव चालू असेल तर त्याचा क्रमांक व तारीख लिहावी. संपलेला असेल तर त्याचा उल्लेख करू नये. पैशाची किंवा मुलांची जबाबदारी सोपविण्यास धोका असेल तर तेवढे स्पष्टपणे, जे सिद्ध झाले आहे तेवढ्यापुरते, पुढील पाळकाला कळवावे. ऐकीव गोष्टी कळवू नयेत. आणि जे लिहिले असेल त्याची नक्कल जाणाऱ्या सभासदाच्या हाती द्यावी, शक्यतो स्वतः नेऊन.